संध्याकाळची जपानी शिकवणी

कर्जतहून एका वडील बाईंचें पत्र आलें आहे. मुंबईच्या लोहमार्गावरचें कर्जत तें रायगड जिल्ह्यांतलें. तें हें नव्हे. हें नगर जिल्ह्यांतील, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील, भीमेच्या उत्तरेकडच्या कमी पावसाच्या मुलुखांतलें, गोदड महाराजांचें कर्जत. बाईंच्या घरीं लहानमोठीं मिळून अकरा माणसें. धाकटी सून शास्त्र विषयाची पदवीधर असून तिनें जपानी भाषा शिकण्याचें मनांत घेतलें आहे. वर्ग पुण्यास भरतो. पण हल्लीं संगणकाच्या पडद्यावरून तो कर्जतांत बसूनहि करतां येतो. आठवड्यांतून तीन दिवस, सायंकाळीं सात ते नऊ. त्याच घरांत थोरल्या मुलाचा मुलगा नुकताच बारावी झाला आहे. त्यालाहि जपानीच शिकायची आहे, परंतु त्याचें कारण निराळें. कोणा मध्यस्थानें ‘संध्याकाळचा वर्ग करा, सहा महिन्यांत जपानांत नोकरी’ असें सांगून आगाऊ रक्कम मागितली आहे. बाई मोकळेपणानें लिहितात कीं, नातवाच्या रकमेची तजवीज घरांत सुरू झाली, सुनेच्या दोन तासांची मात्र होत नाहीं. आणि शेवटीं विचारतात, “आमच्या घरांत जपानी बोलायला आहे कोण? शिकून तिनें करायचें काय?”

बाईंचा पहिला प्रश्न आम्ही आधीं घेतों, कारण त्याचें उत्तर त्यांस अनपेक्षित वाटेल. जपानी बोलणारीं माणसें त्यांच्या घरांत आजहि आहेत; फक्त शब्द मराठी आहेत.

घरांतून निघतांना ‘जातो’ म्हणूं नये, ‘येतो’ किंवा ‘जाऊन येतो’ म्हणावें, ही आपली रीत. जपानी मनुष्य उंबरा ओलांडतांना ‘इत्ते किमास्’ म्हणतो. ‘इत्ते’ म्हणजे जाऊन, ‘किमास्’ म्हणजे येतों. आणि घरांतलें माणूस मागून म्हणतें, ‘इत्ते राश्शाइ’, म्हणजे जाऊन या. इंग्रजींतून जपानी शिकणाराला हें वाक्य समजावून द्यावयास अर्धें पान लागतें. कर्जतच्या घरांतल्या पांच वर्षांच्या मुलाला तें समजावून देण्याचें कारणच नाहीं. हा एकच योगायोग असता तर आम्ही तो सांगितला नसता. परंतु आपण ज्याला ‘खाऊन पाहणें’ म्हणतों तें जपानींत ‘ताबेते मिरु’, आणि त्यांतला ‘मिरु’ म्हणजे अक्षरशः पाहणें. ‘लिहून ठेवणें’ हें ‘काइते ओकु’, आणि ‘ओकु’ म्हणजे ठेवणें. ‘घेऊन येणें’ हें ‘मोत्ते कुरु’, आणि ‘कुरु’ म्हणजे येणें. क्रियापदाला क्रियापद जोडून अर्थाला असा बारीक पीळ देण्याची जी हातोटी आपल्या आजीबाईंच्या बोलण्यांत असते, तीच तिकडे आहे.

वाक्याची मांडणीहि तीच. ‘वाताशि वा होन् ओ योमिमास्’ म्हणजे मी पुस्तक वाचतों. कर्ता आधीं, कर्म मध्यें, क्रियापद शेवटीं. ‘टोकियोहून’, ‘टोकियोपर्यंत’, ‘टोकियोला’ यांतील प्रत्यय जसे नामाच्या मागून लागतात, तसेच ‘कारा’, ‘मादे’, ‘नि’ हे जपानी प्रत्यय मागून लागतात. वर सवलत अशी कीं, नामांना लिंग नाहीं. तो दगड, ती वीट, तें ढेकूळ असा जो छळ आपण परभाषिकांचा करतों, तो जपानी भाषा आपला करीत नाहीं. मी, तूं, तो यांप्रमाणें क्रियापदाचीं रूपेंहि बदलत नाहींत. तें ओझें तिनें आदरार्थाकडे वळविलें आहे: समोरच्याला चढवून बोलण्याचीं क्रियापदें वेगळीं, आपल्याला उतरवून बोलण्याचीं वेगळीं. स्वतःच्या आईचा परक्याजवळ उल्लेख करतांना ‘हाहा’, आणि त्याच्या आईचा करतांना ‘ओकाऽसान्’. ‘आमची आई’ आणि ‘आपल्या मातोश्री’ यांतला भेद ज्या घरांत अजून पाळला जातो, त्या घरच्या सुनेस हा धडा अवघड जाऊं नये.

उच्चारांत तर मराठी माणसाची बाजू बहुतेकांपेक्षां भक्कम आहे. जपानींत ‘त्सु’ म्हणून एक अक्षर आहे, ज्यापाशीं इंग्रज अडखळतो आणि हिंदी भाषिकहि पुष्कळदां ‘सु’ किंवा ‘चु’ म्हणून वेळ मारून नेतो. आपण ‘चूल’ म्हणतांना जो ‘चू’ उच्चारतों, त्यालाच आखूड करावें, म्हणजे जपानी ‘त्सु’ तोंडांत आलें. त्यांचा ‘स’ इकारापूर्वीं ‘श’ होतो: सा, शि, सु, से, सो. नवख्याला हें विक्षिप्त वाटतें. पण आपणहि एक म्हैस आणि दोन म्हशी म्हणतों, आणि म्हैशीचा ‘स’ कोठें गेला हें कोणी विचारीत नाहीं. ऱ्हस्वदीर्घाकडे मात्र लक्ष हवें. ‘ओबासान्’ म्हणजे मावशी किंवा आत्या, आणि ‘ओबाऽसान्’ म्हणजे आजी. एकत्र कुटुंबांत ही चूक किती महाग पडेल तें सांगावयास नको.

आतां वर्णमाला. जपानी मुलें आपलीं अक्षरें ‘आ, इ, उ, ए, ओ’ आणि मग ‘का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा’ या क्रमानें शिकतात. हा क्रम ओळखीचा वाटला, तर तो भास नव्हे. बौद्ध भिक्षूंनीं संस्कृत मंत्र शुद्ध म्हणतां यावेत म्हणून सिद्धम् नांवाच्या भारतीय लिपीचा अभ्यास केला. नवव्या शतकाच्या आरंभीं कूकाइ या आचार्यानें ती विद्या चीनमधून जपानांत नेऊन वाढविली. आणि त्या अभ्यासांतून जपानी अक्षरांस आपल्या वर्णमालेची बैठक मिळाली. च-वर्गाच्या जागीं ‘सा’ आणि प-वर्गाच्या जागीं ‘हा’ कसा, अशी शंका चौकस वाचकांस येईल. भाषाशास्त्रज्ञ सांगतात कीं, जुन्या जपानींत ‘सा’ चा उच्चार ‘च’ च्या जवळचा असावा आणि ‘हा’ चा ‘पा’ होता. म्हणूनच ‘ता’ च्या पाठीमागें त्याचें अनुनासिक ‘ना’, आणि ‘हा’ च्या पाठीमागें ‘मा’ उभें आहे. त्याच्याहि आधीं, इ. स. ७३६ मध्यें, बोधिसेन नांवाचा भारतीय भिक्षु जपानला पोंचला होता. नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधि ७५२ मध्यें त्याच्याच हातून झाला. सिद्धटेकचा सिद्धिविनायक कर्जत तालुक्यांतच आहे, म्हणून आणखी एक सांगतों. जपानांत गणपतीस कांगितेन म्हणतात. टोकियोच्या आसाकुसा भागांतील त्याच्या एका देवळांत त्याला मुळा वाहतात, आणि मोदकाच्या वंशांतली म्हणून सांगितली जाणारी एक तळलेली मिठाई क्योतो शहरांत अजून मिळते.

इतकें सगळें आपलें, तर भाषा सोपी म्हणावयाची काय? नाहीं. अडचण आहे ती कांजीची. ही आजाऱ्याची कांजी नव्हे. चीनकडून आलेल्या चित्रलिपीला जपानी लोक कांजी म्हणतात. साधीं अक्षरें दोन तऱ्हेचीं, प्रत्येकीं शेचाळीस. तीं दोनेक महिन्यांत हातवळणीं पडतात. कांजी मात्र सरकारी यादीप्रमाणें नित्याच्या वापरांतल्याच २,१३६ आहेत. त्या आरंभीं मोठ्या मोहक वाटतात. एक झाड काढलें कीं झाड, दोन काढलीं कीं राई, तीन काढलीं कीं अरण्य. सूर्य आणि चंद्र शेजारीं ठेवले कीं ‘उजेड’. छपराखालीं स्त्री बसविली कीं ‘शांतता’. आणि त्याच चिन्हाचा दुसरा अर्थ ‘कमी किंमतीचें’. स्वस्थ आणि स्वस्त या दोहोंस एकच चिन्ह वापरणारा तो जुना जपानी लेखक कोणत्या घरांत वाढला असेल, याचा विचार आमच्या वाचकभगिनींनीं करावा.

पण ही मौज पहिल्या शंभर चिन्हांपुरती. पुढें एकेका चिन्हाचे दोन-दोन, तीन-तीन उच्चार सुरू होतात. पाण्याचें चिन्ह एकटें असलें कीं ‘मिझु’ वाचावयाचें, आणि जोडशब्दांत आलें कीं ‘सुइ’. आपल्याकडे जर एकच चिन्ह सुटें असतां ‘पाणी’ आणि ‘जलाशय’ या शब्दांत ‘जल’ असें वाचण्याची चाल असती, तर जशी स्थिति झाली असती तशी ही आहे. येथें हुशारी कामाची नाहीं. रोज वीस मिनिटें हात चालविणें हाच उपाय. मागचीं चिन्हें पुन्हां गिरविल्याखेरीज नवीं टिकत नाहींत. जेथें माणसें गळतात तें ठिकाण हेंच. व्याकरणानें कोणी पळालेला आम्हीं पाहिला नाहीं. कांजीनें पळालेले पुष्कळ आहेत.

या ठिकाणीं हिशेब मांडणें जरूर आहे, कारण घरांतल्या मंडळींस तो कोणी सांगत नाहीं. जपानी भाषेची जी जगभर चालणारी परीक्षा १९८४ पासून होते, तिच्या २०१० पासून पांच पायऱ्या आहेत. एन-५ ही तळची, एन-१ ही माथ्यावरची. परीक्षा जुलै आणि डिसेंबर महिन्यांच्या पहिल्या रविवारीं होते आणि पुणें हें तिचें एक केंद्र आहे. २०१० च्या पूर्वीं पायऱ्या चार होत्या, आणि प्रत्येकीला साधारण किती शिक्षण लागावें याचा अंदाज छापलेला असे: तळच्या पायरीस सुमारें १५० तास, ८०० शब्द आणि १०० कांजी, तिच्या वरचीस ३०० तास, १,५०० शब्द आणि ३०० कांजी, तिच्याहि वरचीस ६०० तास आणि १,००० कांजी, शेवटचीस ९०० तास आणि २,००० कांजी. आठवड्याला तीन सायंकाळी, दोन-दोन तास, म्हणजे सहा तास धरले तर पहिली पायरी सहा महिन्यांत, दुसरी वर्षभरांत, आणि जिला आतां एन-२ म्हणतात ती दोन वर्षांत. हाहि उदार हिशेब झाला. सणवार, बाळंतपणें, पाहुणे आणि ज्वारीची सुगी यांचे दिवस त्यांत धरलेले नाहींत.

आतां नातवाच्या नोकरीचें पाहूं. जपानांत माणसें कमी पडत आहेत हें खरें आहे. एप्रिल २०१९ पासून त्या देशानें ठराविक धंद्यांतील कुशल कामगारांस येऊं देण्याची नवी सोय केली, तिच्याविषयीं भारताचा आणि जपानचा करार जानेवारी २०२१ मध्यें झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें दोन्ही सरकारांनीं पांच वर्षांत भारतांतून पन्नास हजार कुशल माणसें जपानांत जावींत असें उद्दिष्ट जाहीर केलें. परंतु या वाटेनें जाणारास सामान्यतः धंद्याच्या कसोटीबरोबर एन-४ किंवा तिच्या तोडीची भाषेची परीक्षा द्यावी लागते. वरच्या हिशेबानें ती ३०० तासांची पायरी. दिवसभर चालणाऱ्या निवासी वर्गांत सहा महिन्यांत इतके तास भरतील. संध्याकाळच्या वर्गांत भरणार नाहींत. म्हणजे मध्यस्थाच्या वाक्यांतील ‘संध्याकाळचा वर्ग’ आणि ‘सहा महिने’ यांपैकीं एक शब्द तरी खोटा आहे. परदेशीं कामगार पाठविणारास परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, आणि त्यानें किती रक्कम घ्यावी यालाहि नियमानें मर्यादा घातली आहे. त्याचा नोंदणी क्रमांक मागावा, तो सरकारी नोंदींत स्वतः पाहावा, आणि तोंवर रक्कम घरींच राहूं द्यावी. मुलास वर्गांत अवश्य घालावें. त्यास पहिल्या परीक्षेपर्यंत जाऊं द्यावें. एन-५ चें प्रमाणपत्र घेऊन नोकरी मिळत नाहीं, पण मुलगा टिकतो कीं नाहीं तें त्यावरून चांगलें कळतें, आणि तेंहि थोड्या खर्चांत.

सुनेनें शिकून काय करायचें, हा प्रश्न मात्र आम्हांस जरा खटकला. नातवास तो कोणीं विचारला नाहीं. त्याचें उत्तर ठरलेलें होतें म्हणून त्याची शहानिशाहि झाली नाहीं, आणि मध्यस्थाचें फावलें तें त्यामुळेंच. सुनेपाशीं तयार उत्तर नाहीं, म्हणून तिच्या मागें चौकशी लागली. उपयोगच म्हणाल तर तो आहे. पुण्यांत रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाचा परभाषा विभाग आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ येथें कैक वर्षें जपानी शिकविली जाते. जपानी शिकविणाऱ्या शिक्षकांची तेथें स्वतंत्र संघटना आहे. त्या शहराच्या कारखान्यांत आणि संगणकाच्या कचेऱ्यांत जपानी जाणणारांस काम मिळतें. आपल्याच जिल्ह्यांत सुपें येथील औद्योगिक वसाहतींत जपानी उद्योगांकरितां जागा राखलेली आहे. परंतु तेथें बहुधा एन-३ किंवा एन-२ ची अपेक्षा असते. शिवाय साधें भाषांतर आतां यंत्रहि करतें, त्यामुळें खालच्या पायऱ्यांवर थांबलेल्यास पूर्वीपेक्षां कमी वाव राहील असें आमचें मत आहे. जो वर चढेल त्याचें मात्र यंत्रानें अडणार नाहीं. पुण्यांत जपानी शिकून तिकडे गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्यें टोकियोच्या एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले. मतदारांपुढें उभें राहून त्यांच्या भाषेंत मत मागणें हें प्रमाणपत्राच्या पलीकडचें काम आहे.

परंतु उपयोगाची ही भाषा पुरी करून दुसरी एक गोष्ट सांगतों. जपानांतील स्त्रियांच्या विद्यापीठाची एक पुस्तिका अण्णासाहेब कर्व्यांच्या हातीं आली, ती पहिल्यानें तशीच बाजूस पडली. पुढें १९१५ च्या डिसेंबरांत मुंबईस भरावयाच्या सामाजिक परिषदेचें अध्यक्षीय भाषण तयार करतांना त्यांनीं ती पुन्हां हातांत घेतली, आणि १९१६ मध्यें आपल्याकडचें महिला विद्यापीठ उभें राहिलें. त्या पुस्तिकेचा ‘उपयोग काय’ हें ती हातीं आली त्या दिवशीं कोणास सांगतां आलें असतें? उलट बाजूनेंहि पाहावें. हिरोशी फुकाझावा या जपानी पंडितानें मराठेशाहींतील खेडीं, वतनें आणि शेतकरी यांच्या अभ्यासांत आयुष्य घातलें. त्यांच्या मागून मिचिहिरो ओगावा यांनीं पुणें विद्यापीठांत प्रबंध लिहिला तो इंदापूर परगण्यावर. कर्जत तालुक्याच्या सीमेवरून भीमा ओलांडली कीं इंदापूरचीच हद्द लागते. आपल्या घरांतल्या किती पदवीधरांस मोडीची एक ओळ वाचतां येते? ती वाचण्याकरितां जपानहून माणूस आला, आणि त्याच्या घरीं त्याला मराठी बोलायला कोण होतें, असें आपण विचारीत नाहीं.

राहतां राहिले सात ते नऊ. या वेळेचें मूल्य आम्ही जाणतों. दिवेलागण, मुलांचा अभ्यास, भाकऱ्या, पुरुषमंडळींचें घरीं परतणें, सगळें त्याच वेळीं येऊन पडतें. म्हणूनच ‘तुला जमेल तसें कर’ अशी परवानगी देऊं नये. ती नकाराहून वाईट. जमेल तसें करणारी स्त्री महिनाभरांत कढई उतरवायला पडद्यासमोरून चार वेळां उठते, कांजींत मागें पडते, आणि मग ‘तिलाच चिकाटी नाहीं’ असें ठरतें. अकरा माणसांच्या घरांत आठवड्याच्या तीन सायंकाळी दुसऱ्या हातांनीं चूल सांभाळणें अशक्य नाहीं, आणि ते हात बायकांचेच असले पाहिजेत असेंहि नाहीं. नातूहि त्याच वर्गांत बसणार असेल तर उत्तम. काकू-पुतण्यांनीं एकमेकांशीं बोलावें. ही जपानी परीक्षा पर्यायांतून उत्तर निवडण्याची असते, तींत तोंडानें बोलावें लागतच नाहीं. त्यामुळें नुसता परीक्षेचा अभ्यास करणारा एन-३ होऊनहि मुका राहूं शकतो. घरांत बोलायला दुसरें माणूस असणें ही चैन पुण्याच्या खोलींत एकट्यानें राहणाऱ्या विद्यार्थ्यासहि मिळत नाहीं. लहान मुलांकरितां तेत्सुको कुरोयानागी यांचें ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या मराठी अनुवादांत मिळतें. तें रात्रीं मोठ्यानें वाचावें, म्हणजे घराला या भाषेमागचीं माणसेंहि दिसतील.

तयारी मोठी लागत नाहीं. पहिला महिनाभर उच्चार देवनागरींत टिपून घ्यावेत. रोमन अक्षरांपेक्षां आपलीं अक्षरें ऱ्हस्वदीर्घ अधिक नेटकें दाखवितात. दुसऱ्या महिन्यापासून मात्र देवनागरी बंद करावी, नाहींतर डोळा तिलाच टेकून बसतो. ‘मिन्ना नो निहोंगो’ हें आरंभीचें पुस्तक सर्वत्र चालतें. त्याचे पन्नास धडे दोन भागांत आहेत, आणि पहिले पंचवीस झाले कीं एन-५ च्या तयारीला लागावें. कांजीकरितां विलायती वही मागविण्याचें कारण नाहीं. मुलांची गणिताची चौकोनी वही घ्यावी. एका चौकोनांत एक कांजी बरोबर बसते. फक्त एकीवर भागणार नाहीं, म्हणून डझनभर आणून वरच्या फळीवर ठेवाव्यात, जेथें मुलांचा हात पोंचणार नाहीं.